आमची वाटचाल : हरिकेनचे पंख आणि इतर गोष्टी

आमचा धंदा फोमची विमानं करण्याचा. रेडिओ कंट्रोलवर उडणारी, दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं, किट स्वरूपात. तुम्ही जोडायची, तुम्ही रंगवायची, तुम्ही उडवायची. पहिलं किट ब्रिटिश हॉकर हरिकेनचं काढलं आणि आजही सर्वांत जास्त तेच जातं. त्याच काळातलं, जास्त नावाजलेलं ब्रिटिश स्पिटफायर का नाही, असं विचारणाऱ्यांची संख्या अर्थातच त्याहून मोठी आहे.

कारण तारेत आहे. गरम तारेने फोम कापताना पंखाच्या मुळाशी एक साचा, म्हणजे पंखाच्या छेदाच्या आकाराची पातळ पट्टी, आणि टोकाशी दुसरा साचा लावतात, आणि तार त्या दोघांवरून फिरते. तार ताणलेली, म्हणजे सरळ. दोन साच्यांच्या मधे ती सरळच कापणार. हरिकेनच्या पंखाच्या कडा सरळ आहेत. मधला भाग एक, बाहेरचे दोन निमुळते, गोल टोकं नंतर घासून घ्यायची, झालं काम. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार, पुढची-मागची दोन्ही काठं वळलेली. तो तारेने एका कापात निघत नाही. तुकडे पाडून जोडा, नाहीतर पोकळ मोल्डमध्ये फोम फुगवा. मोल्ड म्हणजे भांडवल, आणि भांडवल आमच्याकडे नव्हतं.

शिवाय मला हरिकेनवर झालेला अन्याय आधीपासून टोचतो. सिडनी कॅमने आखलेलं हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडालं, स्पिटफायरच्या चार महिने आधी. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत हरिकेनच्या तुकड्या जास्त होत्या, पाडलेली विमानंही हरिकेननेच जास्त पाडली. नाव कोणाचं झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या हवाई दलाच्या १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने १९४४ मध्ये इंफाळला हरिकेनच उडवली, अर्जन सिंग त्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते आणि त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं ते त्याच लढाईतलं. आमच्या किटमध्ये स्टिकरचा एक संच तिथल्या आघाडीवरच्या खुणांचा असतो, निळ्यात फिकट निळं वर्तुळ. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून त्या खुणांतून लाल रंग काढून टाकला होता. दर महिन्याला कोणीतरी फोन करून सांगतं की तुमच्या स्टिकरवर लाल छापायचा राहिला.

सुरुवात मी आणि मामाने केली. मामा पाट्यांसाठी थर्माकोलची अक्षरं कापायचा. माझ्याकडे विमानांचं वेड होतं, त्याच्याकडे धनुकली होती. ती धनुकली अजून आमच्याकडे आहे. लाकडी दांडा, दोन बाह्या, एका बाहीला स्प्रिंग आणि मधे निक्रोमची तार. स्प्रिंग हवीच, कारण तार तापली की लांबते आणि ढिली तार पंखाच्या मध्यभागी पोट पाडते. उष्णता किती हवी हे मामा मीटरवर बघायचाच नाही. रद्दी तुकड्यावर एक काप घ्यायचा आणि तारेमागे केसांसारखे बारीक तंतू सुटले की म्हणायचा, "लाव साचा." तंतू सुटत नाहीत आणि खाच रुंद होते आहे, याचा अर्थ तार जास्त तापली आणि पंख मापापेक्षा बारीक निघणार. तार अडखळते आहे, तर थंड. हे मी आजही नव्या मुलांना असंच शिकवतो. डिजिटल मीटर भिंतीवर लटकतो आहे, त्याकडे कोणी बघत नाही.

साचे सनमायकाचे, कडा चारशे नंबरच्या कागदाने गुळगुळीत. दोन्ही साच्यांवर सारख्याच संख्येच्या खुणा. मुळाचा साचा मोठा, टोकाचा लहान, पण तार दोन्हीकडे प्रत्येक खुणेवर एकाच वेळी पोचली पाहिजे. म्हणून मामा मुळाशी, मी टोकाशी, आणि मोठ्याने आकडे. पुढच्या धारेशी आलं की दोघांनीही क्षणभर थांबायचं, कारण तारेचा मधला भाग मागे रेंगाळलेला असतो, त्याला येऊ द्यायचं. आता आमच्याकडे संगणकावर चालणारं चार अक्षांचं यंत्र आहे. ते आकडे म्हणत नाही, बाकी सगळं तेच करतं.

आता महत्त्वाची गोष्ट, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर आहे. टोकाचा साचा आम्ही मुळाच्या साच्याच्या पातळीत ठोकत नाही. पुढची धार दोन अंश खाली वळवून ठोकतो. याला वॉशआउट म्हणतात. निमुळत्या पंखाचं टोक कमी वेगात आधी हवेवरची पकड सोडतं, एक पंख पडतो आणि विमान गिरकी घेऊन जमिनीत जातं. टोक दोन अंश पिळलेलं असेल तर मूळ आधी स्टॉल होतं, म्हणजे पकड सोडतं, एलेरॉन, म्हणजे पंखाच्या टोकाकडच्या हलत्या झडपा, काम करत राहतात, नाक हळूच खाली जातं आणि तुम्हाला थ्रॉटल देण्याइतका वेळ मिळतो. ही पीळ पंखाच्या नकाशात दिसत नाही. ती साचा ठोकण्यात असते.

किटचं माप मूळ विमानाच्या एक दशांश. पंखांचा विस्तार १२२ सेंटीमीटर, क्षेत्रफळ साधारण २४ चौरस डेसिमीटर, उडायला तयार वजन साडेनऊशे ग्रॅम. म्हणजे चौरस डेसिमीटरला चाळीस ग्रॅमच्या आत. याच्यावर जाऊ नका. लोक कॉकपिटमध्ये वैमानिक बसवतात, चाकं आत घेणारं यंत्र बसवतात, रंगाचे चार हात देतात, आणि मग बाराशे ग्रॅमचं विमान घेऊन आम्हाला विचारतात की हे उतरताना इतकं धावतं का. पंख ईपीपीचे, म्हणजे न तुटता वाकणाऱ्या चिवट फोमचे, आत कार्बनची नळी. धड डेप्रॉनचं, म्हणजे पातळ फोमच्या तावाचं, आत धडाला आकार देणारे सहा मिलीमीटरचे आडवे छेद, त्यांना फॉर्मर म्हणतात, आणि वर तीनची कातडी. कातडी वळवताना बाहेरच्या बाजूने चिकटपट्टी लावा आणि पाइपवर हळूहळू फिरवा, नाहीतर ती तडकते. साधा सीए, म्हणजे झटपट चिकटणारा डिंक डेप्रॉन खातो, फोमसाठीचा वेगळा मिळतो, तोच घ्या. स्प्रेच्या रंगाचंही तेच. पाण्यातले ॲक्रिलिक रंग वापरा.

शेपटीचा आडवा पंख आम्ही मूळ मापापेक्षा एक दशांशाने मोठा ठेवला. हरिकेनचं नाक तसं आखूड, आणि इतक्या लहान मापात विमान खालीवर डुलतं. प्रमाणाचे कट्टर भक्त यावरून आम्हाला बोलतात. बोलू देत.

आमचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे सर. निवृत्त शिक्षक, भौतिकशास्त्राचे. त्यांनी पहिल्या खेपेतलं किट नेलं आणि आठवडाभराने तीन पानी पत्र पाठवलं, त्यात फायरवॉलचा, म्हणजे मोटर बसते त्या नाकातल्या पाटीचा, कोन दोन अंश उजवीकडे का असावा याची आकृती होती. मोटर आणि पंखा विमानाला डावीकडे ओढतात हे मला माहीत होतं, पण सरांनी ते किती ओढतात ते मोजून पाठवलं होतं. आम्ही कोन बदलला. तेव्हापासून प्रत्येक नवं किट पहिलं सरांकडे जातं, पैसे न घेता, आणि ते प्रत्येक वेळी हट्टाने पैसे पाठवतात.

मग ती नक्कल आली.

कोणी काढली ते मी लिहिणार नाही. आमच्याकडे साचे घासायला असलेल्या मुलाने काम सोडलं आणि काही महिन्यांत बाजारात दुसऱ्या फर्मचं हरिकेनचं किट आलं. तेच माप, जवळपास निम्मी किंमत. धंद्यात स्पर्धा असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की ते आमचंच विमान होतं. शेपटीचा आडवा पंख नेमका एक दशांशाने मोठा. फॉर्मर क्रमांक चारमध्ये एक खाच. ही खाच आमच्या अगदी पहिल्या रचनेतली, तेव्हा बॅटरी खालून आत सरकायची. पुढे बॅटरीचं झाकण वर आलं आणि खाचेला काही काम उरलं नाही, पण ती नकाशात राहिली. त्यांच्या किटमध्येही बॅटरी वरून जाते, आणि फॉर्मर चारमध्ये ती खाच आहे. तिचा उपयोग काय हे मी त्यांना फोन करून विचारलं होतं. उत्तर मिळालं, "वजन कमी करायला."

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांनी पंखही उचलला, आणि तो अर्धवट उचलला. कापलेल्या पंखाचं टोक कागदावर ठेवून आखलं की आकार मिळतो, कोन मिळत नाही. त्यांचे दोन्ही साचे एका पातळीत होते. कार्बनच्या नळीऐवजी लाकडी पट्टी, ईपीपीऐवजी पॅकिंगचा थर्माकोल. विमान वेगात छान उडायचं. वळून उतरायला आलं, वेग कमी झाला, की पंख टाकायचं. एकामागून एक विमानं गेली, आणि लोक काय म्हणाले? "हरिकेन उडत नाही." त्या किटच्या तक्रारी आमच्याकडे येऊ लागल्या. एकाने तुटलेल्या पंखाचे फोटो पाठवून भरपाई मागितली. फोटोत लाकडी पट्टी स्पष्ट दिसत होती.

ऑर्डर थांबल्या. ईपीपीचे ठोकळे भिंतीला लागून छतापर्यंत उभे होते, आगाऊ पैसे देऊन घेतलेले. फोम सडत नाही एवढंच समाधान. एका विक्रेत्याने तर आमची किटं परत पाठवली, खोकीही न उघडता. आणि याच काळात मामाने आपला वाटा मागितला. "मला आता भांडणं झेपत नाहीत," म्हणाला. मी भांडत नव्हतो, मी कापत होतो. पण वाटा दिला. द्यावा लागला, कारण आमच्यात कागदावर काहीच नव्हतं. कागद असता तर निदान मुदत मागता आली असती. भागीदारी करणाऱ्यांना सांगतो, मामा असो, भाऊ असो, कोणीही असो, लिहून घ्या. आणि आपल्या नकाशांवर तारीख घालून साक्षीदाराची सही घ्या. आम्ही आता तेही करतो.

मामा माझ्याशी आजही बोलतो. त्या काळाबद्दल सोडून.

सरांनी पुढे जे केलं ते करायला मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी नकली किट विकत घेतलं, स्वतःच्या पैशांनी, आणि नीट जोडलं. मुद्दाम वाईट नाही, हे ते दर वेळी अधोरेखित करतात. दोन्ही विमानांत तीच मोटर, तोच दहा इंची पंखा, तीच तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, वजनात पाच ग्रॅमचाही फरक नाही, गुरुत्वमध्य दोन्हीकडे जीवेच्या, म्हणजे पंखाच्या पुढून मागे रुंदीच्या, २८ टक्क्यांवर. मग उडवणाऱ्यांची गर्दी असलेल्या एका सकाळी दोन्ही आळीपाळीने वर नेली, चांगल्या उंचीवर, थ्रॉटल बंद केला आणि एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप, पूर्ण ओढून धरला. आमचं विमान डोकं हलवत, नाक खाली-वर करत पायऱ्या उतरावं तसं खाली येत राहिलं. दुसऱ्याने डावा पंख टाकला आणि गिरकी घेतली. सरांनी ते सावरलं, पुन्हा वर नेलं आणि पुन्हा तेच दाखवलं. मग दोन्ही पंख सपाट पाटावर ठेवून टोकांखाली पट्टी सरकवून दाखवली. आमच्या मागच्या धारेखाली ती आरपार गेली. त्यांच्याखाली गेलीच नाही.

लगेच ऑर्डरींचा पाऊस पडला असं काही झालं नाही. पण तक्रारी थांबल्या, आणि परत पाठवणाऱ्या विक्रेत्याने एक दिवस विचारलं, "तो पिळाचा पंख तुमचाच ना?" ती फर्म बुडाली नाही, उलट मोल्डमधला स्पिटफायर आणून आमच्यापेक्षा कितीतरी जास्त विकते. तयार, रंगवलेला, डब्यातून काढून उडवायचा. चांगला उडतो, खोटं कशाला बोलू.

त्यानंतरची वर्षं कामात गेली. मस्टँग आलं, झीरो आलं, यंत्र आलं, माणसं वाढली.

काही सूचना, कोणी मागितल्या नसल्या तरी. लढाऊ विमान हे पहिलं विमान म्हणून घेऊ नका, आधी उंच पंखाच्या ट्रेनरवर हात बसू द्या. बॅटरी भरून महिनाभर ठेवू नका, सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा. पहिलं उड्डाण वाऱ्याच्या दिवशी नको, आणि वाटेल त्यापेक्षा थोडा जास्त वेग ठेवून उतरवा. गुरुत्वमध्य बोटांवर तोलून बघितलाय म्हणणाऱ्यांनी एकदा खरा मोजावा. हरिकेनला बॅटरी फायरवॉलला टेकवूनच बसवायची. नाकात शिसं भरायची वेळ आली तर आधी शेपटीकडे बघा, तिकडे डिंक जास्त झाला असणार.

हल्ली पंखाच्या साच्यांचे नकाशे पाठवा म्हणून विचारणा होते, आम्ही घरीच कापतो म्हणतात. नाही पाठवत. फॉर्मर, शेपटी, कॅनोपी म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, सुटे मिळतील, खाच असलेला क्रमांक चारही मिळेल. पंख मात्र जोडीनेच देतो. डावा-उजवा एकाच ठोकळ्यातून निघतो, तेव्हाच दोन्हींचं वजन जुळतं. उरलेल्या एका पंखाला जुळणारा दुसरा आमच्याकडे मागू नका.