कॉर्बिनचा पेट्रोल पंप आणि सँडर्स

केएफसीच्या बोर्डावरचे पांढऱ्या दाढीचे आजोबा सगळ्यांना माहितीयेत, पण हा माणूस मुळात पेट्रोल पंपवाला होता आणि मला त्याच्या चिकनपेक्षा तो पंपच जास्त आवडतो.

अमेरिकेत केंटकी राज्यात कॉर्बिन म्हणून गाव आहे. १९३० मध्ये, ऐन मंदीत, शेल कंपनीने हार्लंड सँडर्सला तिथला पंप बिनभाड्याने चालवायला दिला, बदल्यात विक्रीतला हिस्सा. समोरून हायवे २५ जायचा, उत्तरेतून फ्लोरिडाकडे निघालेल्या गाड्या सगळ्या तिथूनच, मग हा गडी पंपालगतच्या राहत्या जागेत स्वतःच्या घरच्या टेबलावर लोकांना जेवायला वाढायला लागला. धंद्यात चुरस इतकी की १९३१ मध्ये बोर्डावर रंग फासण्यावरून दुसऱ्या पंपवाल्याशी चक्क गोळीबार झाला, त्यात शेलचा एक माणूस गेला.

पुढे रेस्टॉरंट वाढलं, शेजारी मोटेल आलं, १९३९ ला आग लागून जळालं तरी वर्षभरात परत उभं, आता साधारण १४० माणसं बसतील एवढं. आणि इथेच त्याचं डोकं बघा! मोटेलची एक नमुना खोली त्याने रेस्टॉरंटच्या आतच बांधली, बायकांना टॉयलेटला जायचं तर त्या खोलीतूनच जावं लागायचं, कारण मुक्काम कुठे करायचा हे घरातली बाई ठरवते आणि तिला आधी स्वच्छता दिसली पाहिजे हे त्याला पक्कं कळलं होतं. चिकनचंही तसंच, कढईत तळायला अर्धा तास लागायचा, एवढा वेळ प्रवासी थांबणार कसा, म्हणून त्याने प्रेशर कुकर आणला आणि त्यात तळायचं जमवलं.

मग इंटरस्टेट ७५ हा नवीन मोठा हायवे गावाला वळसा घालून जाणार असं ठरलं. बायपास झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या ढाब्यांचं काय होतं ते आपल्याकडेही सगळ्यांनी बघितलंय. १९५६ मध्ये त्याने सगळं ७५,००० डॉलरला विकून टाकलं, वय पासष्टच्या पुढे, हातात महिन्याला १०५ डॉलर पेन्शन, तर हा माणूस कुकर आणि मसाला गाडीत टाकून गावोगावच्या हॉटेलवाल्यांना चिकन करून दाखवत फिरला, कधी गाडीतच झोपला. सॉल्ट लेक सिटीतल्या पीट हार्मनने १९५२ मध्येच त्याची रेसिपी घेतली होती, बाकीचे हळूहळू आले, आणि १९६४ मध्ये त्याची ही केएफसी कंपनी २० लाख डॉलरला विकली गेली.

कॉर्बिनची जागा १९९० मध्ये जुन्यासारखी करून परत उघडली. कोणी त्या बाजूला रोड ट्रिपला जाणार असाल तर इंटरस्टेट सोडून गावात वळा, ती नमुना खोली आणि जुनं किचन नक्की बघा.