पाय उचलतोय, मग चाल का सुधारत नाही?

अर्धांगवायूच्या पेशंटला घेऊन येणाऱ्या घरच्यांचा हा नेहमीचा प्रश्न. पलंगावर पाय वर जातो, गुडघा सरळ होतो, ताकद आलेली दिसते, तरी चालताना लंगडणं तसंच. मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हीही व्हिडिओ पाठवून हेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमचं सगळं लक्ष पाय उचलला जातो का याकडे असतं. मी मात्र तो टेकतो कसा आणि टेकल्यावर किती वेळ भार घेतो ते बघते. निरोगी चालीत प्रत्येक पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. म्हणजे पायाचं मोठं काम जमिनीवरचंच. आधी टाच टेकते, मग दाब तळव्याच्या बाहेरच्या कडेने चवड्यावर सरकतो आणि शेवटी अंगठ्याशी पोचतो. तिथून पोटरी जमिनीला मागे रेटते आणि माणूस पुढे जातो.

पायाखालचा दाब मोजणाऱ्या पट्टीवर अशा पेशंटला चालवलं की बिघाड कुठे आहे ते स्क्रीनवर दिसतं. कित्येकांच्या अधू पायाच्या टाचेचा ठसा फिका असतो, कधी उमटतच नाही. पोटरी आखडलेली, घोटा आत वळलेला, त्यामुळे चवडा किंवा बाहेरची कड आधी टेकते. दाब पुढे सरकायचा तो मध्येच अडतो. अंगठ्याखाली जवळजवळ काहीच नसतं, म्हणजे शेवटचा रेटा गायब. त्यात तळव्याची संवेदना कमी झालेली असेल, तर जमीन नीट लागली की नाही हेच कळत नाही. मग माणूस त्या पायावर विसंबणार कसा? तो घाईने चांगल्या पायावर येतो.

यंत्र नसलं तरी बरंच काही कळतं. चपलेची बाहेरची कडच झिजली आहे का, करंगळीच्या मुळाशी त्वचा लाल होते का, हे बघा. (संवेदना कमी असेल तर हे रोज बघा. जखम झाली तरी दुखणार नाही.) आणि चांगल्या पायाचं पाऊल पाहा. ते आखूड आणि घाईचं पडत असेल, तर दोष बहुधा त्या पायात नसतो. चांगला पाय हवेत असताना अख्खा भार अधू पायावर येतो आणि अधू पाय तेवढा वेळ तग धरत नाही.

म्हणून "रोज जास्त चालवा" हा सरसकट सल्ला मला पटत नाही. आधी आधाराला धरून, शेजारी कुणीतरी असताना, दोन्ही पायांवर उभं राहून भार हळूहळू अधू बाजूला न्यायचा. ते जमलं की चांगला पाय सावकाश पुढे टाकून मागे घ्यायचा. कंटाळवाणं काम आहे, घरच्यांना यात प्रगती दिसत नाही, पण मला यातच दिसते. स्प्लिंटमुळे, म्हणजे घोट्याला बांधायच्या आधारामुळे, पाय आळशी होतो असंही बरेच जण मानतात. मला तसं वाटत नाही. घोटा धरून ठेवला तर टाच आधी टेकायची शक्यता वाढते. स्नायू फारच आखडला असेल तर स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतील.

वेग आम्हीही मोजतो. १० मीटर चालायला २५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चालणं बहुतेक घरापुरतंच राहतं. साडेबारा सेकंदांच्या आत आलं की बाहेर वावरणं बऱ्यापैकी जमतं. पण चांगला पायच दुप्पट राबला तरीही वेग वाढतो, तेव्हा नुसत्या घड्याळावर जाऊ नका.

पुढच्या वेळी व्हिडिओ पाठवाल तेव्हा मोबाइल खाली धरा आणि बाजूने पावलंच दिसतील असा काढा. चेहरा नसला तरी चालेल.