तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच माणसाने इतक्या विषयांवर कसं लिहिलं?

पणजीत कोसंबींच्या नावाचा विचारमहोत्सव जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. दामोदर धर्मानंद कोसंबी गणितावर लिहीत, नाण्यांवर लिहीत, भर्तृहरीच्या श्लोकांवर, गीतेवर, गोव्याच्या गांवकारीवरही (गावाची जमीन सामाईक राखण्याच्या जुन्या व्यवस्थेवर) लिहीत. मग यातलं निम्मं तरी वरवरचं असणारच ना? की लहानपणापासून बुद्धीच अचाट होती? आणि जाता जाता: वाचायला सुरुवात कुठून करू?

बुद्धीचं आधी उरकून टाकू. वडील धर्मानंद ‘विसुद्धिमग्ग’ या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला निघाले, तेव्हा 1918 साली अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर गेला. तिथेच शाळा झाली आणि 1929 मध्ये हार्वर्डची पदवी, तीही उत्तम गुणांनी. हुशार मुलगा, पण वयाच्या मानाने चमत्कार म्हणावं असं काही नाही. ‘बालचमत्कार’ हा शब्द ज्यांना खरोखर लागू पडतो असे दोघे मात्र हार्वर्डला त्याच्या आधीच होऊन गेले होते.

पहिला नॉर्बर्ट वीनर. जन्म 1894 चा, चौदाव्या वर्षी पदवीधर, अठराव्या वर्षी हार्वर्डचा डॉक्टरेट. वडील लिओ वीनर हार्वर्डला स्लाव्ह भाषा शिकवत आणि मुलाला घरीच घडवत, चूक झाली की आरडाओरडा करत. आठव्या वर्षी डोळ्यांसाठी डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केलं, तर पोराने गणित डोक्यातल्या डोक्यात करायची सवय लावून घेतली. पुढे वडिलांनी जाहीर सांगितलं की यश हे शिकवणीचं, मुलाच्या देणगीचं नव्हे. ते वीनरला जन्मभर बोचलं. 1953 च्या ‘एक्स-प्रॉडिजी’ या आत्मकथनात त्याने हिशेब मांडलाय: यश वडिलांचं, अपयश तेवढं माझं. त्याआधी 1948 मध्ये यंत्रं आणि सजीव यांच्यातल्या नियंत्रणावरचं ‘सायबरनेटिक्स’ आलं होतं, आणि गणित न जाणणाऱ्यांसाठी 1950 मध्ये त्याच विचाराचं सोपं पुस्तक. त्या सगळ्यामागे दुसऱ्या महायुद्धातला एक प्रश्न होता: विमान पुढच्या क्षणी कुठे असेल हे तोफेला कसं कळावं?

दुसरा विल्यम जेम्स सायडिस. अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये, आणि लगेच गणित मंडळासमोर चार मितींवर व्याख्यान. मोठेपणी त्याने 1925 मध्ये विश्वरचनेवर एक पुस्तक काढलं, 1926 मध्ये टोपणनावाने सुमारे तीनशे पानांचं दुसरं, ट्रामगाडी बदलताना मिळणाऱ्या तिकिटांच्या संग्रहावर. काटेकोर पुस्तक आहे हो! फक्त त्यातून कोणत्याच प्रश्नाचं उत्तर निघत नाही. बुद्धीवर सगळं अवलंबून असतं तर या दोघांची पुस्तकं इतकी वेगळी झाली नसती.

हार्वर्डला असताना कोसंबींची वीनरशी ओळख झाली होती. पण वीनरच्या बालपणात कोसंबींचं उत्तर शोधू नका. ते वजनकाट्यावर सापडतं.

आहत नाणी घ्या, चांदीच्या पत्र्याचे तुकडे पाडून त्यावर ठसे मारलेली. दर्शनी बाजूला पाच ठसे, मागे बारीक खुणा. प्रमाण वजन 32 रत्ती, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमच्या आसपास. राजाचं नाव नाही, साल नाही. नाणेतज्ज्ञ ठशांवर वाद घालत बसले होते. कोसंबींनी नाणी तोलायला घेतली. हातोहात फिरणारं नाणं झिजतं, आणि झीज साठत जाते. एका नाण्याच्या वजनाला अर्थ नाही, शे-दोनशे नाण्यांच्या सरासरीला आहे. जुन्या गटाची सरासरी खाली येते आणि त्याच वेळी नाण्या-नाण्यातला फरक वाढतो, कारण काही नाणी पेटीत पडून राहतात आणि काही बाजारात रगडली जातात. तक्षशिलेच्या भीड टेकडीत 1924 मध्ये सापडलेल्या साठ्यात हजाराहून जास्त आहत नाणी होती, सोबत अलेक्झांडरची कोरी नाणी. त्यामुळे साठा पुरल्याचा काळ अंदाजे हाती आला. मग दिसलं की मागच्या खुणा जितक्या जास्त, तितकं वजन कमी. म्हणजे त्या खुणा शोभेच्या नव्हेत, वापरात असताना नाणं पारखल्याच्या.

झीज मुळात कशी होते हे पाहायला त्यांनी चलनातली साधी नाणीही एकेक करून तोलली. हे तुम्हालाही करता येईल, आणि ‘इतके विषय कसे’ हे समजायला याहून चांगली वाट मला ठाऊक नाही. पाच रुपयांची जुनी, जाड, तांबं-निकेलची नाणी गोळा करा, ज्यांचं कोरं वजन 9 ग्रॅम असतं. स्टीलची घेऊ नका, ती झिजायचं नाव घेत नाहीत. सालाप्रमाणे वेगळी करा, मग सालाखालच्या खुणेप्रमाणे: चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता. साबणाच्या पाण्यात धुवून पुसा, पण घासू नका. घासलंत तर झीज तुमची, बाजाराची नव्हे. प्रत्येक गटात निदान तीस नाणी हवीत. सोनाराचा मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागेल, स्वयंपाकघरातला चालणार नाही. नेहमी फसतं ते इथे: टांकसाळीतून निघतानाच वजनात थोडा फरक असतो, तो झिजेत धरला जातो. म्हणून कोऱ्या नाण्यांचा एक गट आधी तोलून ठेवायचा. आणि नुसती सरासरी लिहून थांबायचं नाही, फरक किती पसरलाय हेही लिहायचं. खरी बातमी तिथे असते.

आता तीच नजर इतरत्र पाहा. भर्तृहरीची शेकडो हस्तलिखितं समोर ठेवली. शतकं लोटली तसे त्यात श्लोक घुसले, गळले, जागा बदलत गेले. जवळपास सगळीकडे टिकलेले सुमारे 200 श्लोक त्यांनी वेगळे काढले. 1948 ची चिकित्सक आवृत्ती त्यावर उभी आहे. नाण्याला झीज, पोथीला लेखनिकाचा हात.

अनुवंशशास्त्रातलं त्यांचं सूत्र 1944 चं. एकाच गुणसूत्रावरच्या दोन जनुकांची ताटातूट शंभरातून तीस वेळा होत असेल, तर त्यांच्यातलं अंतर किती? ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेनच्या सूत्राने 45.8 सेंटिमॉर्गन (हे अंतर मोजायचं एकक) येतं, कोसंबींच्या सूत्राने 34.7. ताटातूट दहाच वेळा असेल तर 11.2 आणि 10.1, म्हणजे फरक किरकोळ. हाल्डेन धरतो की गुणसूत्राचा एक सांधा बदलला तरी शेजारच्या सांध्याला त्याची खबर नसते. कोसंबी धरतात की शेजारचा बिचकतो. पिकांचे जनुकीय नकाशे काढणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअरमध्येही ‘कोसंबी’ हा पर्याय निवडता येतो. निवडणाऱ्या कितीजणांना हा आपला गोंयकार आहे हे माहीत असतं, कोण जाणे.

सगळंच जमलं असं नाही. 1959 मध्ये शेतकी सांख्यिकीच्या एका नियतकालिकात त्यांनी रीमानच्या गृहीतकापर्यंत, म्हणजे मूळ संख्यांबद्दलच्या गणितातल्या प्रसिद्ध न सुटलेल्या कोड्यापर्यंत, पोचल्याचा दावा केला, आणि तो टिकला नाही. माझं मत विचाराल तर जिथे मोजायला वस्तू हातात होती तिथे कोसंबी पक्के आहेत. वस्तू सुटली आणि तोच ठामपणा उरला की सावध वाचावं. ‘वरवरचं’ हा आरोप मला म्हणूनच चुकीच्या जागी वाटतो. दोष असलाच तर अतिविश्वासाचा आहे.

तर सुरुवात कुठून? 1956 च्या जाडजूड ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’पासून नको; बरेचजण तिसऱ्या प्रकरणात अडकतात आणि पुस्तक कपाटात जातं. 1962 चं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ घ्या, पाचच प्रकरणं आहेत. त्यातही शेवटचं आधी वाचा, गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या) गांवकारीवरचं. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला ही पुराणातली कथा एका बाजूला आणि जमिनीचे हक्क, वाटणी, जोण (गांवकाराला मिळणारा उत्पन्नाचा वाटा) दुसऱ्या बाजूला, अशी तिथे समोरासमोर तुलना आहे. सोबत पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशियाचा 1526 चा फोराल (सनद) ठेवलात तर उत्तम, गांवकारीचे रिवाज त्यात लिहून ठेवलेत.

वाचण्याआधी एकदा गोव्यातल्या तिसवाडीत किंवा साष्टीत खाजनाच्या (खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या सखल शेतीच्या) बांधावर जाऊन या, भरतीच्या वेळी पोचाल असं बघा. मानसीची (बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची) लाकडी दारं नदीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटलेली दिसतील. मग ओहोटी लागते, आतल्या पाण्याचा जोर वाढतो आणि तीच दारं बाहेरच्या बाजूला उघडतात. बांधाला एक भगदाड पडलं तर खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरतं आणि पुढचे काही हंगाम भात नीट येत नाही. एका घराच्या बळावर हा बांध राखता येत नाही. तिथे उभं राहून मोजा, मानसीला दारं किती आणि तिच्या आड शेतं किती. मग प्रकरण उघडा.