फेरोंच्या हाताखालची माणसे

इजिप्तच्या सहलीत टूर मॅनेजर म्हणून माझ्याकडे बस, तिकिटे, जेवणे आणि प्रवाशांची औषधपाणी असते. इतिहास सांगण्याचे काम स्थानिक गाइडचे. लक्सरमध्ये मात्र कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी देर अल-बहारीच्या मंदिरातच विचारले, “राजे पुष्कळ पाहिले. त्यांच्या हाताखालची माणसे या भिंतींवर कुठे आहेत?” त्या प्रश्नाने आमच्या दिवसाचा रोखच बदलला.

ते मंदिर हॅटशेप्सुट या स्त्री-फेरोचे (फेरो म्हणजे प्राचीन इजिप्तचा राजा), म्हणजे इ. स. पूर्व पंधराव्या शतकातले. तिच्या पुंट देशाच्या मोहिमेची शिल्पे गाइडने दाखवली: जहाजे, मुळांसकट टोपल्यांत घालून आणलेली सुगंधी डिंकाची झाडे, आणि पुंटच्या राजासमोर उभा असलेला तिचा दूत. ती स्वतः गेलीच नव्हती. तिचा कारभारी सेनेनमट याने तर देवळीच्या दारामागे स्वतःची चित्रे कोरून घेतली आहेत, एवढी मुभा त्या दरबारात होती.

जवळच्या रामेसियममध्ये, म्हणजे रामसेस दुसरा या फेरोच्या मंदिरात, तो रथावर अवाढव्य आणि बाकी सारे मुंगीएवढे. इ. स. पूर्व 1274च्या सुमारास सीरियातल्या कादेशच्या लढाईत शत्रूच्या दोन हेरांवर विश्वास ठेवून तो हित्तींच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका बलाढ्य राज्याच्या, सैन्याच्या तावडीत सापडला. पण त्याच्या लेखांत दोष पळालेल्या सैनिकांचा आहे आणि पराक्रम एकट्या रामसेसचा. लढाई खरे तर अनिर्णितच राहिली. “आमचे एक साहेब असेच अहवाल लिहीत,” काका म्हणाले.

दुपारी कर्नाकच्या मंदिरांत हॅटशेप्सुटचा सावत्र मुलगा, फेरो तिसरा थुटमोस याच्या स्वाऱ्यांचे कोरीव वृत्तान्त पाहिले आणि मला तिथून हलवेना. आजच्या इस्रायलमधल्या मेगिद्दो शहरावरच्या स्वारीत अरुनाच्या खिंडीतून जाऊ नये, घोड्यामागे घोडा असे एका रांगेत जावे लागेल, असे अधिकाऱ्यांनी त्याला स्पष्ट सांगितले, आणि हा विरोध राजाच्याच लेखात नोंदलेला आहे. त्याने तो मानला नाही. ज्यांना दुसऱ्या वाटांनी जायचे त्यांनी जावे असे सांगून तो स्वतः पुढे निघाला, आणि शत्रू त्या दुसऱ्या वाटांवरच दबा धरून बसलेला निघाला. पुढे सैनिक लुटीत गुंतल्याने शहर हातचे गेले आणि सात महिने वेढा घालावा लागला, हेही त्याने दडवलेले नाही. अर्थात याच राजाच्या काळात, त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, हॅटशेप्सुटची नावे छिन्नीने खोडली गेली, त्यामुळे त्याला फार साधा समजण्याचे कारण नाही.

यांतल्या कोणाच्या हाताखाली काम करायला आवडेल, असा विषय निघाला तेव्हा काकांनी थुटमोसची नोकरी पत्करली, त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, हॅटशेप्सुटची. रामसेसला कोणीच निवडले नाही, हे गाइडला रुचले नाही. त्याने आम्हांला कर्नाकच्याच एका भिंतीपाशी नेले. तिथे रामसेसने हित्ती राजा तिसरा हत्तुसिली याच्याशी कादेशनंतर सुमारे पंधरा वर्षांनी केलेला तह कोरलेला आहे. बढाईखोर राजालाही शत्रूशी बरोबरीने बसता आले, हे गाइडचे म्हणणे आम्हांला खोडता आले नाही. काका तेवढे “तहाचा मसुदा कोणी लिहिला, तेही विचारा,” म्हणत राहिले.