हायबरीच्या गल्लीत, सहा नंबरच्या शोधात

आर्सेनल स्टेशनवर उतरल्या उतरल्या मी आधी भिंत बघितली. १९३२ साली या स्टेशनचं नाव बदललं, पण प्लॅटफॉर्मवरच्या टाइल्समध्ये 'गिलेस्पी रोड' हे जुनं नाव अजून तसंच आहे. पुढे लांबलचक चढणीचा बोगदा लागतो. तो चढून वर आलं की एकाला एक चिकटलेल्या विटांच्या घरांची गल्ली. एवढ्याशा गल्लीतून दर मॅचला हजारो माणसं कशी जात असतील, असं वाटत राहतं.

मी कोल्हापूरचा. पेठेच्या फुटबॉल टीममध्ये स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू म्हणून खेळलो. आमच्याकडे गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतात, स्टॉपरकडे लक्ष जातं ते तो चुकल्यावर. म्हणून लंडनला आलो तेव्हा मनात पहिलं नाव होतं टोनी अॅडम्सचं, आर्सेनल या फुटबॉल क्लबच्या सहा नंबरच्या स्टॉपरचं.

एव्हेनेल रोडला वळलो आणि समोर हायबरीच्या, म्हणजे क्लबच्या जुन्या स्टेडियमच्या, ईस्ट स्टँडची पांढरी दर्शनी भिंत आली. आर्सेनल इथे १९१३ ते २००६ खेळला. आता आत फ्लॅट आहेत आणि मैदानाच्या जागी बाग. याच मैदानावर ५ नोव्हेंबर १९८३ ला सतरा वर्षांचा अॅडम्स संडरलंडविरुद्ध पहिल्यांदा उतरला. एकविसाव्या वर्षी कॅप्टन झाला तो २००२ मध्ये निवृत्त होईपर्यंत. दुसऱ्या क्लबकडून एकही मॅच खेळला नाही, आर्सेनलकडून खेळला ६६९. डिक्सन, बोल्ड, विंटरबर्न आणि तो, अशी ती बचावफळी. १९९०-९१ च्या लीगमध्ये ३८ मॅचमध्ये फक्त १८ गोल खाल्ले आणि एकच मॅच हरले. मला विचाराल तर डिफेन्स म्हणजे काय हे समजायला एवढे दोन आकडे पुरेत.

पण त्याच सीझनमध्ये कॅप्टन तुरुंगात होता. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून डिसेंबर १९९० मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्याचा नाताळ चेम्सफर्डच्या तुरुंगात गेला. त्याआधी एका स्वयंगोलानंतर वर्तमानपत्रानं त्याच्या फोटोला गाढवाचे कान लावले होते. बाहेर आल्यावर तो पुन्हा खेळला, पुन्हा जिंकला, आणि पीतही राहिला. सप्टेंबर १९९६ मध्ये, म्हणजे युरो स्पर्धेत इंग्लंडचा कॅप्टन असलेल्या उन्हाळ्यानंतर लगेच, त्यानं टीममधल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं की मी दारूच्या आहारी गेलोय. त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलमध्ये मॅच संपली की सगळी टीम मिळून प्यायची. तिथे कॅप्टननं हे तोंडानं बोलणं ही माझ्या लेखी त्याची सर्वांत मोठी टॅकल आहे. माझ्या काकांना घरातल्यांसमोर हे एक वाक्य बोलायला बारा वर्षं लागली, त्यामुळे त्याचं वजन मला ठाऊक आहे. पुढे २००० साली अॅडम्सनं खेळाडूंच्या व्यसनमुक्तीसाठी 'स्पोर्टिंग चान्स' ही संस्था काढली.

तिथून आर्सेनलचं आताचं एमिरेट्स स्टेडियम चालत काही मिनिटांवर. डिसेंबर २०११ मध्ये क्लबला १२५ वर्षं झाली तेव्हा इथे तीन पुतळे बसवले, हर्बर्ट चॅपमन, थिएरी ऑन्री आणि अॅडम्स. ब्रॉन्झचा अॅडम्स दोन्ही हात पसरून उभा आहे. मी त्याच्यासमोर उभं राहून मोबाइलवर तो गोल लावला. ३ मे १९९८, एव्हर्टनविरुद्ध, आर्सेनल ३-० नं पुढे, लीग जवळपास खिशात. बदली म्हणून आलेला स्टीव्ह बोल्ड चेंडू अलगद वर उचलतो, अॅडम्स मागून धावत येतो, छातीवर घेतो आणि डाव्या पायानं जाळ्यात. एका स्टॉपरनं पास दिला, दुसऱ्या स्टॉपरनं गोल मारला! मग तो पळत सुटत नाही, उड्या मारत नाही. नुसता हात पसरून उभा राहतो. दारू सोडून दोन वर्षंही झाली नव्हती.

शेजारी एक गृहस्थ नातीला घेऊन आले होते. ती पुतळ्यासारखे हात पसरून उभी राहिली आणि आजोबांनी फोटो काढला. मी पण एक काढला आणि काकांना पाठवला. लगेच फोन आला.

"हा कोण रे? आणि हात असे का पसरलेत?"

"सांगतो काका, वेळ आहे ना?" म्हटलं, आणि सांगत सांगत गिलेस्पी रोडकडे चालायला लागलो.