तुम्ही विचारलेत म्हणून : बारा जानेवारीला फळ्यावर आधी कोणाचे नाव?

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या दाराशी असलेल्या काळ्या फळ्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहिण्याचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहे, आणि वर्तमानपत्र चाळायला येणारी मंडळी मला हमखास एकच प्रश्न विचारतात : एका तारखेला इतके काही घडलेले असते, त्यातले फळ्यावर काय यायचे आणि काय राहायचे, हे तुम्ही कसे ठरवता? खडू हातात असताना मी ‘मावेल तेवढे लिहितो’ एवढे सांगून मोकळा होत आलो, पण ते खरे उत्तर नव्हे. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेत म्हणून आज एकच तारीख घेऊन नीट सांगतो. ती तारीख १२ जानेवारी, कारण सोलापुरात फळा लिहिणाऱ्याची खरी परीक्षा त्याच दिवशी होते.

माझ्या वहीत प्रत्येक तारखेला एक पान आहे. या पानावर जिजाऊंचा जन्म आहे, स्वामी विवेकानंदांचा जन्म आहे, पुणतांब्याला जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र (१९१८) आहेत, देवास येथे झालेले कुमार गंधर्वांचे निधन (१९९२) आहे. चितगावच्या शस्त्रागारावरील छाप्याचे नेते सूर्य सेन यांना १९३४ साली याच दिवशी फाशी झाली. आणि त्याच्या तीन वर्षे आधी, १२ जानेवारी १९३१ रोजी, येरवड्याच्या तुरुंगात आमच्या गावचे चौघे फासावर गेले : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन.

ही नोंद फळ्यावर सर्वांत वर असते. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी येताच सोलापूर पेटून उठले, गिरण्यांतला कामगार रस्त्यावर आला, गोळीबार झाला, आणि काही दिवस शहरावर सरकारचा ताबा नावापुरताच उरला. १२ मे रोजी सरकारने मार्शल लॉ पुकारला. स्वातंत्र्यलढ्यात मोर्चे आणि सत्याग्रह गावोगाव झाले. लष्कराच्या हाती कारभार देण्याची वेळ मात्र सरकारवर फार थोड्या शहरांत आली, आणि त्यांत हे आमचे गिरणगाव होते. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून ज्या चौघांना शिक्षा झाली, त्यांच्या नावांकडे एकदा सावकाश पाहावे. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशी घरे त्या एका ओळीत येतात, म्हणजे आमच्या पेठांची वस्तीच तिथे लिहिली जाते. हे कोणी ठरवून जुळवलेले नव्हते, म्हणूनच मला त्याचे मोल अधिक वाटते.

या ओळीबाबत माझ्या हातून एक चूक झाली होती, आणि निवड कशी करायची हे मी तिच्यापासूनच शिकलो. फळ्यावर काम सुरू केले त्या पहिल्याच जानेवारीत मी वरच्या भागात मोठमोठ्या अक्षरांत इतर नोंदी लिहिल्या आणि तळाशी उरलेल्या पट्टीत ‘सोलापूरचे हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी व इतर’ एवढेच बसवले. रोज पहिला पेपर उघडणारे एक निवृत्त गिरणी कामगार फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी मला शांतपणे विचारले, “सर, इतर म्हणजे कोण?” मला चारही नावे ठाऊक होती. तरीही मी ती लिहिली नव्हती. रिक्षावाल्याला ‘चार पुतळ्यांपाशी सोडा’ असे आपण सगळेच सांगतो. त्या चौकात उभे असलेले चौघे जण कोण, हे विचारले तर दोन नावांपुढे पुष्कळांना जाता येत नाही, आणि त्या सकाळी मी त्या विस्मरणात भरच घातली होती. मी ओला फडका आणून सगळा फळा पुसला आणि नव्याने लिहिला. त्या दिवसापासून कोणत्याही तारखेला ‘व इतर’ हे शब्द मी लिहिलेले नाहीत. सर्व नावे मावत नसतील तर दुसरी एखादी नोंद अख्खी गाळतो.

दुसरी कसोटी तारखेच्या खरेपणाची. जिजाऊंची जयंती आपण १२ जानेवारी १५९८ या तारखेने साजरी करतो आणि सिंदखेडराजाला त्या दिवशी मोठी गर्दी लोटते. ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेची आहे. तिथी पौष पौर्णिमा, आणि आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन गणनेत तो दिवस २२ जानेवारीला येतो, कारण त्या काळी दोन्ही गणनांमध्ये दहा दिवसांचे अंतर होते. म्हणून काही घरांत तिथीने आणि काही ठिकाणी तारखेने जयंती होते. यात कोणी चुकत नाही, पण हे अंतर ठाऊक नसले की उगाच वाद होतात, आणि ते फळ्याखाली उभे राहूनच होतात. मी १२ जानेवारीलाच लिहितो आणि कंसात तिथीही देतो.

विवेकानंदांच्या नोंदीने तर मला आपल्या गड्ड्याच्या यात्रेकडे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेकडे, नव्याने पाहायला लावले. १२ जानेवारी १८६३ या दिवशी मकरसंक्रांत होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या वर्षावर चालते आणि इंग्रजी दिनदर्शिका ऋतूंच्या वर्षावर. पहिले वर्ष दुसऱ्यापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असल्यामुळे साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. सिद्धरामेश्वरांची यात्रा संक्रांतीशी बांधलेली आहे, म्हणजे तीही सोबत सरकते आहे. हुतात्म्यांचा दिवस मात्र तारखेला खिळलेला आहे. सध्या हे दोन्ही अगदी शेजारी येतात, त्यामुळे यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या नंदीध्वजांच्या तयारीसाठी निघालेली पांढऱ्या बाराबंदीतली माणसे आमच्या फळ्यासमोर थांबून ती चार नावे वाचतात. हा शेजार आपल्याला लाभला आहे, आणि तो कायमचा नाही, हे मला दरवर्षी जाणवते.

खेळाची नोंद हवीच, असा तरुण वाचकांचा आग्रह असतो आणि तो रास्त आहे. १२ जानेवारी १९६४ रोजी मद्रासच्या कसोटीत बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटके निर्धाव टाकली. १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. डावाअखेर त्यांचे आकडे होते ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. हा शेवटचा शून्य मी मुद्दाम लिहितो. शतक किंवा बळींची संख्या नोंदवणे सोपे असते. ज्या माणसाने दोन तासांच्या आसपास एकाच टप्प्यावर चेंडू टाकत राहून काहीच घडू दिले नाही, त्याची कामगिरी नोंदवायची तर आकडा पूर्णच लिहावा लागतो. सरावाच्या वेळी ते खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकत, असे सांगतात. नाशिकला जन्मलेल्या या डावऱ्या फिरकी गोलंदाजाची ही ओळ विद्यार्थी वहीत उतरवून घेतात, तेव्हा मला फार समाधान वाटते.

तर सांगायचे एवढेच की, अकरा तारखेच्या संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर मी फळा ओल्या फडक्याने पुसून ठेवतो. सकाळी तो कोरडा झाला की वरच्या अर्ध्या भागात चौघांची पूर्ण नावे आणि ‘येरवडा, १९३१’ लिहितो; त्याखाली जिजाऊ, मग विवेकानंद, मग सूर्य सेन आणि नाडकर्णी. सी. रामचंद्र आणि कुमार गंधर्व या दोघांपैकी एकालाच जागा उरते, म्हणून एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरे असा पाळीचा क्रम ठेवला आहे. येत्या जानेवारीत पाळी कुमारांची आहे.