जुन्या कागदांचा विमा काढताना

विमा कंपनीच्या फॉर्मात फरच्या कोटाला वेगळा रकाना आहे. गोल्फच्या काठ्यांना आहे, चांदीच्या भांड्यांना आहे, नाण्यांना आणि पोस्टाच्या तिकिटांना आहे. 1929 सालच्या मासिकाला नाही. चर्चमध्ये वारा घ्यायच्या पुठ्ठ्याच्या पंख्याला नाही. ‘इतर’ म्हणून एक पर्याय होता, पण तो निवडला की फॉर्म परत पहिल्या पानावर जायचा. या एका रकान्यापायी माझे कित्येक महिने गेले आणि डोकं अजून पुरतं थंड झालेलं नाही. अमेरिकेत राहून जुनी पुस्तकं-कागद जमवणारे आपल्यातही आता दिसायला लागलेत. त्यांचा तरी वेळ वाचावा म्हणून लिहिते आहे.

मी आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाची पुस्तकं आणि कागदी किडूकमिडूक जमवते. नागपूरच्या बाईला हा नाद कसा लागला, असं न्यू जर्सीत मला सगळेच विचारतात. आपल्याकडच्यांनी तरी ते विचारू नये. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात होते, म्हणजे हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या अगदी शेजारी. 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि नॅशनल निग्रो काँग्रेस या तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या. हे सगळं आमच्या घरी जेवताना बोललं जायचं. त्यामुळे इथे एका म्हाताऱ्या बाईंचं घर मोकळं करायच्या सेलमध्ये ‘द क्रायसिस’चे अंक दिसले, तेव्हा मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं हे मासिक नोव्हेंबर 1910 मध्ये निघालं आणि 1934 पर्यंत ड्यू बॉइसच त्याचे संपादक होते. त्या गठ्ठ्यात जुलै 1929 चा अंक होता, गांधीजींनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना दिलेला संदेश छापलेला. खोका उचलला आणि घरी आणला. तिथून सुरुवात.

खरेदीबद्दल फार सांगत नाही, ती मजेचीच असते. जुन्या पुस्तकांचे मेळे, चर्चचे बाजार, घरं मोकळी करायचे सेल. न्यूयॉर्कच्या स्वान गॅलरीत आफ्रिकन-अमेरिकन छापील आणि हस्तलिखित साहित्याचा वेगळा लिलाव होतो. तिथलं बरंचसं आपल्या खिशाबाहेरचं असतं, पण कॅटलॉग वाचून डोळा तयार होतो. लिलावात हातोडा पडतो त्या किमतीवर साधारण चौथा हिस्सा कमिशन चढतं, हे बोली लावायच्या आधी लक्षात ठेवा. आणि रोखीने घेतलेल्या प्रत्येक वस्तूची हाताने लिहिलेली का होईना, पावती मागा. लोक हसतात. हसू द्या.

सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाचा पाऊस झाला आणि आमच्या गल्लीतली तळघरं पाण्याने भरली. आमचं वाचलं. पण शेजाऱ्यांचे फोटो-अल्बम अंगणात वाळत घातलेले पाहिले आणि त्याच आठवड्यात मी पॉलिसी काढून वाचायला बसले. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. केंद्र सरकारचा पूरविमा असतो, पण त्यात दुर्मीळ पुस्तकं, चित्रं, दागिने, संग्राह्य वस्तू या सगळ्यांना मिळून 2,500 डॉलरची मर्यादा, आणि तळघरातल्या सामानाला जवळजवळ काहीच नाही. तेव्हा संग्रहाचा वेगळा विमा हवा, हे ठरलं. खोके त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावर नेले. नवरा जिन्यात कुरकुरला, पण नेले.

आता तो फॉर्म.

एजंट भला माणूस होता, अगदी गोड बोलायचा. “पुस्तकं आहेत की कागद?” त्याने विचारलं. दोन्ही आहेत, म्हटलं. “मग दोन अर्ज.” पुस्तकांचा अर्ज भरला. तो परत आला, कारण ड्यू बॉइस यांच्या 1903 सालच्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’पुढे कंपनीच्या कुणीतरी आजची पेपरबॅक आवृत्ती शोधून तिची किंमत टाकली होती. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: वस्तू गेली तर तशीच नवी घेऊन देऊ. पुस्तक तेच, मजकूर तोच, मग भांडण कसलं? शिकागोच्या मॅक्लर्गने एप्रिल 1903 मध्ये काढलेलं पुस्तक आणि विमानतळावर मिळणारं पुस्तक यांत फरक काय, हे मी फोनवर तीन वेगवेगळ्या माणसांना समजावलं. माझी प्रत पहिल्या छपाईचीही नाही, हे मीच आपणहून अर्जात लिहिलं होतं. त्या प्रामाणिकपणाचं कौतुक कुणालाच नव्हतं.

कागदांचा अर्ज त्याहून भारी. पंखे आधी ‘घरगुती वस्तू’त गेले. हे पंखे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये वाटले जायचे. लाकडी काडीला चिकटवलेला पुठ्ठा, एका बाजूला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचं चित्र, दुसरीकडे गावातल्या अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची जाहिरात. कंपनीतून प्रश्न आला, पंखा विजेवर चालतो का? ‘द ब्लॅक पँथर’ची वर्तमानपत्रं ‘रद्दी, किंमत शून्य’ म्हणून कापली गेली. 1967 पासून निघालेलं, एमरी डग्लसच्या चित्रांनी गाजलेलं ते वर्तमानपत्र. ज्या संघटनेचं ते होतं, तिच्या नावावरून 1972 मध्ये मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली. दक्षिणेतली मतदान कराची एक पावती आहे माझ्याकडे. मत द्यायचं तर आधी कर भरा, असा तो कायदा होता आणि गरीब काळ्या माणसाला मतपेटीपासून लांब ठेवायचं हा त्याचा हेतू. 1964 च्या 24 व्या घटनादुरुस्तीने तो केंद्रीय निवडणुकांतून गेला. त्या पावतीवर कंपनीचा शेरा: ‘ही खरेदीची पावती नाही, खरेदीची पावती जोडा.’

हसून सोडून दिलं असतं. पण एका कागदापाशी हसू आलं नाही. व्हर्जिनियातल्या एका मयत जमीनदाराच्या मालमत्तेची 1840 च्या दशकातली यादी माझ्याकडे आहे, एकच पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. शाई तपकिरी झाली आहे आणि जिथे जोराने टेकली तिथे तिने कागद खाल्ला आहे. डावीकडे वस्तू, उजवीकडे डॉलर. घोडा, नांगर, दोन खाटा, आणि त्याच अक्षरात, त्याच ओळींत माणसं. आडनावं नाहीत. नुसतं पहिलं नाव, कुठे वय, पुढे आकडा. शेवटून दुसऱ्या ओळीत एक म्हातारी आहे, तिच्यापुढे शून्य. विमा कंपनीला या पानाची किंमत हवी होती. मी फॉर्मसमोर बसून राहिले. कुणीतरी या माणसांचं मूल्यांकन करून ठेवलंय आणि आता मी त्या मूल्यांकनाचं मूल्यांकन करायचं!

त्यात आणखी एक. गुलामांच्या जिवाचे विमे या देशातल्या कंपन्यांनी खरोखर विकले होते, 1840-50 च्या दशकांत. माणूस मेला तर पैसे मालकाला. कॅलिफोर्नियाने 2000 साली कायदा करून विमा कंपन्यांना जुनी दप्तरं उघडायला लावली आणि त्यातली नावं 2002 मध्ये जाहीर झाली. हे मी एजंटला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “मॅडम, तरी तो आकडा भरावा लागेल.”

मधेच आठवलं म्हणून सांगते. असा नावं असलेला कागद तुमच्याकडे आला तर स्कॅन करून तो ज्या काउंटीतला, म्हणजे जिल्ह्यातला, असेल तिथल्या इतिहास संस्थेकडे पाठवा. 1870 च्या जनगणनेआधी गुलामीतल्या माणसांची नावं सरकारी शिरगणतीत लिहिलीच जात नसत, नुसती वय आणि लिंगाची नोंद. आपले पूर्वज शोधणाऱ्याला त्या भिंतीपलीकडे नेणारी अशी एखादीच यादी असते. ती आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवण्यात कसली मर्दुमकी?

शेवटी मूल्यांकन करणारा माणूस बोलावला. तासावर पैसे घेणाराच गाठा. संग्रहाच्या किमतीवर टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, तो आकडा फुगवणारच. माझ्याकडे आलेले गृहस्थ सत्तरीचे, जुन्या पुस्तकांच्या धंद्यात आयुष्य गेलेले. भिंग काढून त्यांनी एकेक कागद उजेडात तिरका धरून पाहिला. माझी एकही वस्तू बाद झाली नाही, हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं. त्याचं कारण, नकली माल मी दारातच ओळखते. पळून गेलेल्या गुलामाला पकडून देण्याबद्दल बक्षीस लावलेली पत्रकं बाजारात ढिगाने मिळतात आणि त्यातली बहुतेक अलीकडची असतात. 1840 च्या आसपासचा कागद चिंध्यांचा, चिवट. लाकडाच्या लगद्याचा कागद नंतरचा, तोच पिवळा पडून तुटतो. म्हणजे पत्रक जितकं ‘जुनाट’ दिसेल तितका संशय घ्या. भिंगाखाली अक्षरांत बारीक ठिपके दिसले तर ते फोटोवरून छापलेलं आहे. खिळ्यांच्या छपाईत अक्षराचा दाब मागच्या बाजूने बोटाला लागतो.

त्यांनी दिलेल्या अहवालात प्रत्येक वस्तूपुढे अलीकडच्या विक्रीचा दाखला होता. कंपनीला इतके दिवस समजत नव्हतं ते तुलनेसाठी जोडलेल्या एका दाखल्याने समजलं. हार्लेममध्ये राहणारे टपालवाले व्हिक्टर ह्यूगो ग्रीन 1936 पासून ‘ग्रीन बुक’ काढायचे. काळ्या प्रवाशाला कुठल्या गावात खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे पेट्रोल, याची यादी. जवळजवळ दरवर्षी नवं निघायचं, जुनं लोक टाकून द्यायचे. मागच्या वर्षीचं एसटीचं वेळापत्रक कोण जपतं? 2015 मध्ये त्यातलंच 1941 चं एक पुस्तक लिलावात 22,500 डॉलरना गेलं. माझ्याकडे ग्रीन बुक नाही. पण ‘रद्दी’ हा शेरा त्यानंतर कुणी लिहिला नाही.

तरी रकान्याचं घोडं अडलेलंच होतं. शेवटी एका रात्री मी त्यांचीच पॉलिसी, बारीक टायपातली, व्याख्यांसकट वाचून काढली. ‘फाइन आर्ट’ची व्याख्या दीड परिच्छेदाची होती. चित्रं, शिल्पं, गालिचे, आणि पार शेवटी, ‘दुर्मीळ पुस्तकं, हस्तलिखितं आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या इतर वस्तू’. इतके महिने ज्यांना विचारत होते त्यांच्यापैकी एकानेही स्वतःची पॉलिसी वाचली नव्हती. त्या ओळीवर पिवळी रेघ मारून, पान क्रमांक घालून मेल केला. पुढच्या आठवड्यात मंजुरी. एजंटने फोन करून अभिनंदन केलं, जणू त्यानेच शोधून काढलं होतं. मीही थँक्यू म्हटलं, काय करणार.

तेव्हा तुम्ही सुरुवातच व्याख्यांच्या पानापासून करा, फॉर्म नंतर. वर्णन लिहिताना नाव, प्रकाशक, गाव, साल, कितवी छपाई, किती पानं, आणि दोष सगळे लिहा: कणा सुटलाय, पान 40 फाटलंय, मागच्या पुठ्ठ्यावर डाग. दोष लिहिले की बाकीच्या वर्णनावर विश्वास बसतो. प्रत्येक वस्तूचा पुढून-मागून फोटो. ‘ठरलेली किंमत’ (इंग्रजीत ‘ॲग्रीड व्हॅल्यू’) हे शब्द पॉलिसीत लेखी मागून घ्या, नाहीतर दावा करताना पुन्हा पेपरबॅकवर येतील.

कसर, झुरळं, उंदीर आणि हळूहळू खराब होणं यांचे पैसे आमची पॉलिसी देत नाही. म्हणून कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत ठेवा, दुकानातल्या साध्या प्लॅस्टिकच्या नको, आणि लॅमिनेशन तर मेलं तरी नको. फाटलेल्या जागी सेलोटेपही लावू नका. खोलीतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं.

कृष्णवर्णीय इतिहासाचे मोठे संग्राहक आर्तुरो शोमबर्ग एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करत होते आणि पगारातून पुस्तकं घेत होते. 1926 मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीसाठी त्यांचा संग्रह कार्नेगीच्या देणगीतून 10,000 डॉलरना घेतला गेला. हार्लेमचं शोमबर्ग सेंटर त्यातूनच उभं राहिलं, तिथे जाऊन या. पुढेमागे आपलाही संग्रह एखाद्या ग्रंथालयाला द्यायचा विचार असेल तर 5,000 डॉलरच्या वरच्या देणगीवर करसवलत घ्यायला रीतसर मूल्यांकन लागतं, आणि विम्यासाठी केलेलं त्यात चालत नाही. विम्यात वस्तू पुन्हा घ्यायला काय पडेल ते धरतात, देणगीत बाजारात विकली तर काय येईल ते. दोन्ही कामं एकाच माणसाकडून करून घेतली तर दुसऱ्या वेळी तास कमी लागतात. आमच्या गृहस्थांनी मला ते आपणहून सांगितलं.